एकवीस खाटा

आश्विनातल्या एका मंगळवारी सबनीसबाईंनी एकवीस मुली लोणावळ्याच्या एका बंगल्यात राहायला नेल्या. सकाळी दहाला नेल्या. दुपारी चारला त्या मुली स्टेशनवर परत आल्या. बाई त्यांच्याबरोबर होत्या. त्यानंतर बाई अकरा वर्षे जगल्या.

बाई आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा बाजाराच्या मागे, कौलारू, सातवीपर्यंतची. मी तिथे शिक्षिका म्हणून लागले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि बाई पंचेचाळीसच्या आसपास. ठेंगण्या, सावळ्या, चालताना पुढे झुकलेल्या. लोणावळ्यात वर्षाचे चार महिने वाऱ्याशी झगडत तसेच चालावे लागते. बाई उरलेले आठ महिनेही तशाच चालत. पायांत पुरुषी वहाणा. त्यावर कोणी हसले तर म्हणत, "डोंगराला माझे पाय दिसतात, वहाणा कोणाच्या ते दिसत नाही."

त्या एकट्याच होत्या. एक बहीण नागपूरला, तिची पत्रे येत. बाजारात त्यांची एक खोली होती आणि त्या खोलीला कायम करपलेल्या भाताचा वास असे, कारण भात चुलीवर ठेवून बाई वाचायला बसत. मी कधी संध्याकाळी गेले तर पातेले खरवडताना म्हणायच्या, "पान संपेपर्यंत थांब म्हटलं होतं त्याला. ऐकला नाही." मराठी, इंग्रजी, जे मिळेल ते वाचत. नगरवाचनालयातल्या अर्ध्या पुस्तकांत त्यांनी पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या छपाईच्या चुका मला अजून सापडतात.

पण बाईंची ओळख सांगायची तर त्यांच्या हजेरीपासून सांगावी लागते. बाकीच्या आम्ही वर्गावर एक नजर टाकून टिंबे लावत असू. बाई प्रत्येक मुलीचे नाव पूर्ण घेत, बापाच्या नावासकट, गावासकट. मुलीने स्वतः 'हजर' म्हटले पाहिजे. शेजारणीने म्हटलेले चालत नसे. कामशेत आणि मळवलीकडून काही मुली पॅसेंजरने येत. गाडीला उशीर झाला की बाई त्या नावांशी थांबत, टाक उचललेला, आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत. मुली धावत येऊन दारातूनच ओरडत. मग टिंब पडे.

एका वर्षी तपासणी आठवड्यावर आली आणि हजेरीची सरासरी कमी भरली. एक शिक्षिका कमी होणार होती आणि सगळ्यांत नवीन मी होते. पेठेबाई म्हणून आमच्या एक सहकारी होत्या, तोंडाने फटकळ, मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "अहो बाई, दहा टिंबांचा प्रश्न आहे. साऱ्या तालुक्यात लावतात. तुमच्या टाकाला काय सोनं लागलंय?"

बाई म्हणाल्या, "जी आली नाही तिला आली म्हटलं, तर ती का आली नाही हे विचारायला कोण जाणार?"

आणि त्या स्वतः गेल्या. तीन दिवस शाळा सुटल्यावर घरोघर फिरून त्यांनी सहा मुली आणल्या. एकीला गोवर येऊन गेला होता, एकीकडे परकर एकच होता आणि तो वाळत नव्हता. माझी नोकरी त्या सहा मुलींच्या पायांनी राहिली.

रविवारी बाई डोंगरातल्या वाड्यांवर जात. वाड्यांवरच्या शाळा चौथीपर्यंत. चौथी झालेली मुलगी घरी बसे, गुरांमागे जाई, मग तिचे लग्न होई. बाईंना त्या मुली पुढे शिकायला हव्या होत्या. दोन-चारदा मीही बरोबर गेले. वडिवळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत चिंधू नावाचा माणूस होता, त्याची यमुना चौथीत पहिली आली होती. तिला सगळे यमी म्हणत. चिंधूने आम्हांला घोंगडी टाकून बसवले, गुळाचा चहा दिला आणि स्पष्ट सांगितले.

"चौथी झाली ती लय झालं, बाई. म्होरं शिकून काय कलेक्टर व्हनार हाय व्हय?"

"कलेक्टर नको. नर्स होऊ दे. तुमच्या वाडीत बाई अडली तर कोणाला बोलावता?"

"हाय की आमची म्हातारी."

म्हातारी, यमीची आजी, उंबऱ्यात बसून नाचणी पाखडत होती. तिने मान न वळवताच सांगितले, "माजं काय सांगतूस रं? मला आता दिसत न्हाई. मागल्या खेपंला पोरगा झाला का पोरगी, ते बी मलाच इचारावं लागलं."

सगळे हसले. यमी आईच्या मागून हसली. मग चिंधू गंभीर झाला. "शिकवू ओ. पर ऱ्हानार कुटं? डोंगूर उतरायचा, कामशेताला गाडी धरायची, सांजच्याला पुन्ना चढायचं. मदी वढा हाय. पावसात त्यो मानूस घिऊन जातो, ही तर पोर."

उतरताना बाई एवढेच म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो." त्यांना एक वसतिगृह हवे होते. अर्ज करून त्यांचे हात दुखले होते.

महाराज लोणावळ्यात आले ते त्याच सुमारास. त्यांचे नाव मी लिहीत नाही. मुंबईच्या एका गिरणीवाल्या भक्ताने वळवणच्या बाजूचा बंगला त्यांच्या संस्थेला दिला होता. सतरा खोल्या, बाग, संगमरवरी न्हाणीघर. महाराजांची मोटार परदेशी होती, तिला आतून रेशमी पडदे होते. बंगल्यात थंड हवेचे यंत्र होते. लोणावळ्यात थंड हवेचे यंत्र, यावर पेठेबाई आठवडाभर हसत होत्या. पुढे त्यांना कळले की महाराजांच्या कुत्र्यांच्या खोलीतही पंखा आहे. "आपल्या पाचवीत नाही," त्या म्हणाल्या, "पण आपल्या पाचवीला भुंकता कुठं येतं?"

पण आवाज. तो आवाज खोटा म्हणता येत नसे. महाराजांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघाल्या होत्या, मुंबईत घराघरांत वाजत. गुरुवारी बंगल्याच्या गच्चीवर चार कर्णे लावत आणि त्यांचा शब्द आमच्या बाजारापर्यंत येई. विषय बहुतेक वेळा त्याग. भाजीवाल्या तराजू धरून थांबत. बाईही ऐकायला जात, पाठीमागे बायकांत बसत. मी एकदा विचारले, "बाई, तुम्हांला हे पटतं? ती मोटार, ते पडदे?"

"मोटार मला दिसते गं," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे सतरा खोल्या आहेत."

एका गुरुवारी प्रवचन संपल्यावर बाई उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर त्यांनी वाड्यांवरच्या मुलींबद्दल सांगितले. बाईंना भाषण येत नसे. त्यांनी मुलींची नावे घेतली, बापाच्या नावासकट, गावासकट. शेवटी म्हणाल्या, "महाराज, या मुलींना रात्री टेकायला जागा नाही." महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. मी ते पाहिले आहे. ते म्हणाले, "माउली, तुमच्या मुली त्या माझ्या मुली. वसतिगृह इथंच होईल." टाळ्या पडल्या. बाई त्या दिवशी घरी चालत गेल्या नाहीत, जवळजवळ पळत गेल्या.

वसतिगृह झाले, पण कागदावर. संस्थेचे व्यवस्थापक प्रधान म्हणून होते, गोड बोलणारे, टेरिलिनच्या शर्टातले. त्यांनी संस्थेच्या उद्देशांत 'डोंगरी भागातील मुलींचे वसतिगृह' असे लिहून घेतले. लोकोपयोगी काम करणाऱ्या संस्थेला करातून सूट असते. त्यामुळे बंगल्यावर कर नव्हता, येणाऱ्या देणग्यांवर नव्हता. कागदांप्रमाणे तो बंगला महाराजांचा नव्हताच, मुलींचा होता. महाराज तिथे नुसते राहत होते. अशी दोन वर्षे गेली. बाई दर महिन्याला विचारायला जात आणि दर महिन्याला त्यांना पेरूचे सरबत मिळे.

मग बातमी आली की पुण्याहून सरकारी साहेब वसतिगृह पाहायला येणार आहेत. प्रधान शाळेत आले. शाळेत येण्याची ती त्यांची पहिली वेळ. म्हणाले, "बाई, झालं तुमचं काम. मंगळवारी मुली घेऊन या. खाटा येताहेत, स्वयंपाकीण ठरली आहे." बाई खुर्चीवरून उठल्या. मग प्रधानांनी पिशवीतून एक कोरे हजेरीपुस्तक काढून टेबलावर ठेवले. "फक्त हे जूनपासूनचं भरून हवं. साहेब विचारतील."

"जूनमध्ये मुली कुठं होत्या?"

"असायला हव्या होत्या. आमचा उशीर झाला, तो अपराध आमचा. पण त्यापायी सूट गेली तर महाराज इथं राहणार नाहीत. बंगला बंद होईल. मग मुलींना काय सांगाल?"

पुस्तक ठेवून ते गेले. बाईंनी ते तीन दिवस उघडले नाही. त्या दिवसांत त्यांनी वर्गात एकदाही आवाज चढवला नाही, आणि मला ते बरे वाटले नाही. रविवारी दुपारी त्यांनी मला शाळेत बोलावले. "तू नावं सांग," म्हणाल्या, "मी भरते."

मी नावे सांगत होते. बाई टिंबे लावत होत्या. जूनचे पान झाले. जुलैचे पान काढल्यावर त्या थांबल्या.

"यमी जुलैत कशी येईल? भाताची लावणी असते. चिंधू तिला नेणारच." आणि त्यांनी यमीच्या नावापुढे बारा दिवस गैरहजेरी मांडली. मग प्रत्येक मुलीचा असाच विचार केला. हिची आई बाळंतीण होती, ही पंधरा दिवस घरी राहणार. ही पोळ्याला जाईल आणि दोन दिवस उशिरा येईल. कोणत्या मुलीला कोणत्या महिन्यात वाडीवरून बोलावणे आले असते, ते बाईंना पाठ होते. खोटे लिहितानाही त्यांना खोटे लिहिता येत नव्हते. पाच वाजता त्यांनी खाली सही केली आणि बोटे पदराला पुसली. शाई लागलेली नव्हती.

मंगळवारी एकवीस मुली आल्या आणि त्यांच्याबरोबर बाप, आया, आज्या. गोधड्यांच्या वळकट्या, पत्र्याच्या दोन पेट्या, तांदळाच्या पिशव्या. यमीच्या आजीने महाराजांना भेट म्हणून जिवंत कोंबडी आणली होती. प्रधानांनी ती फाटकातच अडवली.

"आजी, इथं हे चालत नाही."

"मंग काय कोंबडा आणू?" म्हातारीने विचारले.

माणसे बाहेर वडाखाली बसली, कोंबडीसकट. मुली आत गेल्या. लांब दिवाणखान्यात एकवीस लोखंडी खाटा ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर पांढरी चादर. मुली आधी दारातच थांबल्या. मग प्रत्येकीने आपापली खाट धरली. यमीने आपली गोधडी पसरली, आडवी झाली, पुन्हा उठली, उशाकडची बाजू बदलून पुन्हा आडवी झाली.

साहेब अकराला आले. सभ्य गृहस्थ होते. खाटांवरून एक फेरी मारून त्यांनी हजेरीपुस्तक उघडले. जुलैच्या पानावर ते बराच वेळ थांबले. मग प्रधानांना म्हणाले, "मी खोट्या हजेऱ्या पुष्कळ पाहिल्या. त्यांत सगळ्या रोज हजर असतात. खरी हजेरी अशी असते." बाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

मुलींना जिलेबीचे जेवण मिळाले. एक वाजता साहेब गेले. दोन वाजता ट्रक आला. मांडववाल्याची चार माणसे आत शिरली आणि खाटा उचलू लागली. भाडे दुपारपर्यंतचेच ठरले होते. प्रधान म्हणाले, "बाई, थोडी तयारी राहिली आहे. पाहुणे येताहेत मुंबईचे. दिवाळीनंतर नक्की."

बाईंनी महाराजांना भेटायचे म्हटले. महाराज ध्यानाला बसले होते.

यमी गोधडी छातीशी धरून उभी होती. तिने बाईंना विचारले, "माजी खाट कुटं न्हेली, बाई? म्या काय केलं न्हाई. चादर बी मळवली न्हाई."

बाहेर चिंधूने सगळे ऐकून घेतले. तो चिडला असता तर बरे झाले असते. त्याने वळकटी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "असूं द्या, बाई. मोठ्यांचं काम, येळ लागतू." सगळे स्टेशनकडे निघाले. म्हातारीच्या काखेत कोंबडी तेवढी ओरडत होती.

दिवाळी झाली, संक्रांत झाली. संक्रांतीनंतर बाईंनी सारे लिहून काढले, दोन पाने, आणि पुण्याच्या कचेरीत स्वतः नेऊन दिले. हजेरी माझ्या हातची आहे आणि खोटी आहे, असे त्यांत पहिलेच वाक्य होते.

चौकशी झाली, ती बाईंची. संस्थेबद्दल असे ठरले की जिने एकदा खोटे लिहिल्याचे स्वतःच कबूल केले तिचे दुसरे लिहिणे धरता येत नाही. सूट कायम राहिली. शाळेत एक अधिकारी आले. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडे होते. त्यांनी विचारले, "लिहिताना तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोणी नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी एकटीच होते."

मी बाकावरून उठले नाही.

बाईंचे मुख्याध्यापकपद गेले. त्यांना टाकव्याच्या बाजूला एकशिक्षकी शाळेवर पाठवले. त्या आठवड्यात महाराजांनी क्षमेवर प्रवचन केले. बाईंचे नाव घेतले नाही. गावात सर्वांना कळले. बाजारात बायका बाईंना बघून बोलायच्या थांबत. पेठेबाईंनी मात्र भर बाजारात एकीला विचारले, "तुमची पोरगी सातवी झाली, ती कोणामुळं? कर्ण्यामुळं?"

यमीचे लग्न दीड वर्षाने झाले. ती चौदाची होती. त्यानंतरच्या वर्षी, श्रावणात, ती बाळंतपणात गेली. ओढा भरला होता, खाली नेता आले नाही. म्हातारीने हातांनी चाचपून करायचे ते केले. बाईंना हे कामशेतच्या बाजारात चिंधूनेच सांगितले. काही दिवसांनी मी बाईंच्या नव्या खोलीवर गेले. भात झाकून ठेवलेला होता, पांढराशुभ्र, जराही न लागलेला. खोलीत पुस्तक दिसले नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कामशेतला स्टेशनजवळ एक खोली घेतली आणि वाड्यांवरच्या तीन मुली तिथे ठेवून घेतल्या. कामशेतच्या शाळेत घातल्या. खाटा नव्हत्या, चौघी ओळीने खाली झोपत. त्या तिघींची सातवी झाल्यावर आणखी दोघी आल्या, एका वाडीवरच्या बहिणी.

मी शेवटचे गेले तो रविवार होता. अकरा वर्षे जे बोलायचे राहिले होते ते बोलायचेच असे ठरवून गेले होते. बाई दारात उन्हाला बसून धाकटीचे केस फणीने विंचरत होत्या. फार वाळल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटले, "बाई, त्या चौकशीच्या दिवशी मी बाहेर होते. मी आत यायला हवं होतं."

"मान हलवू नकोस," त्या धाकटीला म्हणाल्या. मग फणी झटकत मला म्हणाल्या, "आली असतीस तर दोघी गेलो असतो. मग शाळेत कोण राहिलं असतं? पेठे?"

त्या हसल्या, मला हसता आले नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुझ्याकडं जागा किती आहे गं?" मी म्हटले, दोन खोल्या. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा भांग पाडला. मी निघाले तेव्हा त्या उठल्या नाहीत. फणी धरलेला हात वर केला. धाकटीने डोके तिरपे करून माझ्याकडे पाहिले आणि बाईंनी ते पुन्हा सरळ केले.

महिन्याभरात ताप येऊन बाई गेल्या. तार नागपूरला केली, बहीण दोन दिवसांनी पोचली. चिंधू आला होता. त्याने खांदा दिला.

महाराजांचा बंगला आहे. त्यावर कर नाही. दोघी बहिणी आता माझ्याकडे राहतात. थोरली सातवीला आहे. धाकटी पाचवीत आहे, आणि संध्याकाळ झाली की अजून बाईंबद्दल विचारते.